परकोट कोणी बांधला?

चंद्रपूरच्या परकोटाचा धडा आम्ही दरवर्षी वर्गात शिकवतो. खांडक्या बल्लाळशहाने नगर वसवले, पुढच्या गोंड राजांनी कोट पुरा केला. जटपुरा, पठाणपुरा, अंचलेश्वर, बिनबा हे चार दरवाजे आणि सुमारे 11 किलोमीटरची भिंत. मुले राजांची नावे पाठ करतात. एकदा मागच्या बाकावरून प्रश्न आला, ‘‘सर, बनाया तो मिस्त्री ने होगा ना?’’ मुलाचे वडील गवंडी. आमच्याकडे उत्तर नव्हते.

उर्दूत बांधकाम करणाऱ्याला ‘मेमार’ म्हणतात. शब्दात केवढी इज्जत! इतिहासात मात्र मेमाराची ओळही नाही.

ही जुनीच गोष्ट नव्हे. 26 ऑगस्ट 1982 रोजी गडचिरोली जिल्हा वेगळा झाला. कचेऱ्या, वसाहती, रस्ते उभे राहिले. 1983 मध्ये चंद्रपूरच्या औष्णिक वीज केंद्राचा पहिला संच सुरू झाला. आज त्याची क्षमता 2920 मेगावॅट आहे. मेगावॅटची नोंद राहिली, घमेले उचलणारे हात पुढच्या कामावर निघून गेले.

आमच्या मोहल्ल्यात गवंडी, सेंटरिंगवाले, फरशीवाले, रंगारी बरेच. सकाळी डबा घेऊन नाक्यावर उभे राहायचे. दहा वाजेपर्यंत कोणी नेले नाही तर भरला डबा घरी परत. उन्हाळ्यात पारा 45 च्या वर, पावसाळ्यात काम बंद, डोक्यावर ठेकेदाराची उचल. पाय मोडला तर दिसतो. उडालेली झोप, बायकोमुलांवर निघणारा राग, घरातला अबोला कोणाला दिसत नाही. ‘टेन्शन है’ एवढेच म्हणायचे. डॉक्टरकडे नेले तर लोक वेडा म्हणतील, ही भीती. मग उरते दारू. गडचिरोलीत 1993 पासून दारूबंदी आहे. चंद्रपुरात ती 2015 मध्ये आली, 2021 मध्ये उठली. पण माणूस बाटलीकडे का वळला, हे विचारणारे थोडेच.

1996 मध्ये बांधकाम कामगारांसाठी कायदा झाला, 2011 मध्ये महाराष्ट्रात कल्याणकारी मंडळ आले. आता तो कायदा नव्या कामगार संहितांत सामावला आहे. नोंदणीसाठी वर्षात 90 दिवस काम केल्याचा दाखला लागतो. रोज मालक बदलणाऱ्या नाक्यावरच्या मजुराने तो कोणाकडून आणावा?

राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालानुसार 2021 मध्ये देशात 1,64,033 जणांनी आत्महत्या केल्या. त्यांत 42,004 रोजंदार होते. दर चारांत एक! यांत सर्वच धंद्यांतले रोजंदार आले. पण आमचा गवंडी, आमचा रंगारी त्याच रांगेत उभा आहे.

2022 पासून ‘टेली मानस’ची 14416 ही मोफत सेवा सुरू आहे, मराठीतही बोलता येते. पालकसभेत आम्ही हा क्रमांक फळ्यावर लिहू लागलो आहोत. मनाचा आजार म्हणजे वेड नव्हे, बदनामी नव्हे, हे सांगण्याची जबाबदारी आपल्या शिकलेल्या मंडळींची आहे.

आणि परकोटाचा धडा आता आम्ही राजांपासून सुरू करत नाही. आधी मुलांना विचारतो, भिंत कोणी बांधली? गवंड्याचा मुलगा सर्वांत आधी हात वर करतो.