ढिगाऱ्याखालचे ठोके

परवा ऑफिसात एका सेन्सरच्या डेटामधला नॉइज काढता काढता वैताग आला होता. घरी आल्यावर सहज वाचत बसलो आणि आपला वैताग किती किरकोळ आहे ते कळलं!

गोष्ट १९८० च्या दशकातली. मिशिगन स्टेट विद्यापीठात कुन-मू चेन नावाचे प्राध्यापक मायक्रोवेव्ह वापरून दूरवरून माणसाचा श्वास आणि हृदयाचे ठोके पकडायचा प्रयत्न करत होते. कल्पना सोपी. लहरी सोडायच्या, छाती हलली की परत येणाऱ्या लहरीची फेज किंचित बदलते. श्वासाने छाती काही मिलीमीटर हलते, ठोक्याने त्याहूनही कितीतरी कमी. मधे विटा-काँक्रीटचा ढीग असला, की त्या ढिगावरूनच एवढा प्रचंड सिग्नल परततो की माणूस त्यात हरवून जातो. पण ढीग हलत नाही, माणूस हलतो. म्हणून चेन यांनी स्थिर परावर्तन वजा करणारं सर्किटच बनवलं. मला विचाराल तर खरा शोध हाच, रडार नव्हे.

पुढे नासाच्या जेपीएलने अमेरिकेच्या होमलँड सिक्युरिटी खात्यासाठी 'फाइंडर' बनवलं. शनीभोवती फिरणाऱ्या कॅसिनी यानाच्या हालचालीतले बारीक फरक मोजण्याची विद्या इथे कामी आली. यंत्र साधारण विमानात हाती नेतो त्या बॅगेएवढं.

२५ एप्रिल २०१५ ला नेपाळला ७.८ चा भूकंप झाला. २९ ला दोन प्रोटोटाइप तिथे पोचले. सिंधुपाल्चोकमधल्या चौतारा गावात दोन पडक्या इमारतींत प्रत्येकी दोन माणसांचे ठोके सापडले. विटा, माती, लाकूड... जवळजवळ दहा फुटांखाली, कित्येक दिवस! चौघेही जिवंत बाहेर आले.

हे वाचताना किल्लारी आठवणं साहजिकच. ३० सप्टेंबर १९९३, पहाटेचे चार वाजायला आलेले. मी तेव्हा जन्मलोही नव्हतो, ऐकलंय ते घरच्यांकडून. दगड-मातीच्या जाड भिंती, वर मातीची माळवदं, आणि माणसं झोपेत. अशा घरात काँक्रीटसारख्या पोकळ्या फारशा उरत नाहीत. माती नाकातोंडात जाते. तिथे हे यंत्र असतं तरी ठोके किती वेळ चालू राहिले असते?

शिवाय ओली माती लहरी शोषते, धातूचा पत्रा त्या अडवतो. म्हणजे स्क्रीनवर 'कोणी नाही' आलं, तरी खाली कोणीच नाही असं छातीठोकपणे म्हणता येत नाही. आमच्याकडे चुकीचा निगेटिव्ह आला की बग लॉग करतो आणि चहा प्यायला जातो. तिथे मात्र 'चला, पुढच्या ढिगाकडे' कोणीतरी म्हणायचं असतं.