रागांचे गोत्र आणि जयपूरची पोथी

जयपूरचे नाव निघताच मराठी रसिकांस अल्लादियाखाँसाहेबांची गायकी आठवते. परंतु गाण्यांची वर्गवारी कशी करावी, या किचकट प्रश्नाशी या नगरीचा संबंध त्याहून जुना आहे. सवाई प्रतापसिंह महाराजांच्या कारकिर्दीत (१७७८–१८०३) सिद्ध झालेला ‘राधागोविंद संगीतसार’ हा ग्रंथ पुढे विसाव्या शतकाच्या आरंभी छापला, तो पुणे गायन समाजाने! त्यात राग, त्यांच्या भार्या नि पुत्र असा प्रपंच मांडलेला आहे.

जयपूरच्या महंमद अलीखाँ यांच्याकडून अनेक चिजा मिळविणाऱ्या पं. भातखंडे यांनी हे नातेगोते बाजूस सारून दहा थाट पत्करले. तरी पेच सुटला असे नाही. भूप आणि देशकार यांचे पाच स्वर तेच. पण भूप कल्याण थाटात, देशकार बिलावलात. भूपात मध्यम मुळीच नाही, मग तीव्र मध्यमाच्या घरी त्याचे बिऱ्हाड का? कारण त्याच्या चलनात आहे. नुसत्या स्वरांच्या यादीत ते सापडत नाही.

मंडळाच्या गाण्यांच्या वहीतही हाच घोळ झाला. नाटकातला अभंग भजनांत घालावा की नाट्यगीतांत? दोन्ही पक्ष हटेनात. अखेर तो दोन्हीकडे उतरवून घेतला.