घाटे अळीचे गोत्र

धाराशिव जिल्ह्यात हरभऱ्याचे घाटे पोखरते ती घाटे अळी. तीच तुरीवर गेली की शेंगा पोखरणारी अळी, कपाशीवर आली की अमेरिकन बोंडअळी. कीटक एक, नावे अनेक. शास्त्रज्ञांच्या दप्तरात मात्र नेमका उलटा घोळ होता. तिथे नाव एक होते आणि त्याखाली कीटक अनेक.

नाव दिले याकोब ह्यूब्नर याने, १८०८ च्या सुमारास. आउग्सबुर्गचा हा चित्रकार काही वर्षे युक्रेनमधल्या सुती कापडाच्या कारखान्यात नक्षीकाम करीत होता. कापसावर पोट भरलेल्या माणसाने कापसाच्याच वैऱ्याचे बारसे करावे, हा योगायोग मजेशीर आहे. नाव ठेवले ‘आर्मिजेरा’, म्हणजे शस्त्रधारी. पुढे १८६० मध्ये स्वीडनच्या वॉलेनग्रेनने ऑस्ट्रेलियातल्या अशाच एका पतंगाचे वर्णन ‘पंक्टिजेरा’ या नावाने केले. पण ते ग्रंथातच राहिले. ऑस्ट्रेलियाच्या शेतांत दोन्ही अळ्या कित्येक दशके ‘आर्मिजेरा’ म्हणूनच मोजल्या गेल्या. अमेरिकेतली मक्याची अळीही त्याच नावाखाली गेली होती. आपल्या बोंडअळीला ‘अमेरिकन’ हे विशेषण त्यातूनच चिकटले असावे. ती मूळची अमेरिकेची नाही.

ऑस्ट्रेलियातला गुंता सोडवला तिथल्याच इयान कॉमन या कीटकशास्त्रज्ञाने, १९५३ मध्ये. मागच्या पंखाच्या काळ्या पट्ट्यात फिकट डाग असेल तर आर्मिजेरा. पट्टा सलग काळा असेल तर पंक्टिजेरा. वाढलेल्या अळीच्या डोक्यामागचे केस पहिलीत पांढरे, दुसरीत काळे. १९६५ मध्ये कॅनडाच्या हार्डविक यांनी या साऱ्या भावकीची नवी मांडणी करून तिला ‘हेलिकोव्हर्पा’ ही वेगळी प्रजाती दिली.

एवढा खटाटोप केसांच्या रंगासाठी? प्रश्न विषाचा होता. पंक्टिजेरा ऑस्ट्रेलियाच्या अंतर्भागातल्या रानझाडांवर वाढते आणि तिथून शेतात येते. औषध न चाखलेले पतंग सतत मिसळत राहतात, म्हणून ती फवारणीने मरते. आर्मिजेरा शेताला धरून राहते आणि पिढ्यान्‌पिढ्या विष पचवायला शिकते. ऑर्ड नदीच्या खोऱ्यातली कपाशी १९७४ मध्ये बंद पडली ती डीडीटीला दाद न देणाऱ्या याच अळीमुळे. आपल्याकडे १९८७ मध्ये आंध्रच्या कापूसपट्ट्यात सिंथेटिक पायरेथ्रॉइड फवारण्या वाया गेल्या, तिथेही हीच.

नळदुर्ग-उमरग्यावरून जाणारा हैदराबाद रस्ता पुढे पाटनचेरूवरून जातो. १९७२ मध्ये स्थापन झालेल्या तिथल्या इक्रिसॅट संस्थेत हरभरा आणि तुरीवरच्या या अळीवर दीर्घकाळ संशोधन झाले आहे. आज हरभऱ्यात लावतात त्या कामगंध सापळ्यालाही अळीची नेमकी जात ठाऊक असावी लागते. मादीच्या गंधाचे मिश्रण जातीप्रमाणे बदलते आणि आर्मिजेराचा नर आपल्याच गंधाकडे येतो. त्याला पंख उलटून पाहावे लागत नाहीत. सापळ्यात लागोपाठ दोन-तीन दिवस आठ-दहा पतंग सापडले, की उपाय सुरू करावा, असा कृषितज्ज्ञांचा सल्ला असतो.