बाणकोटचे मिशनरी आणि कशेडीचा प्रश्न

गेल्या वर्षावासात ग्रंथवाचनाच्या निमित्ताने आम्ही कशेडी घाटाच्या पायथ्याशी, पोलादपूरच्या अंगास असलेल्या एका वाडीत गेलो होतो. वाचन संपल्यावर एका वृद्ध उपासिकेने विचारले, "गुरुजी, राखणीचा कोंबडा माझ्या सासऱ्यांनी छप्पन सालीच सोडला. पण शिमग्याला लेकी माहेरी येतात, घरात पोळ्या होतात. ते पण बंद करायचं का?" मागे बसलेले दोन तरुण तत्काळ "होय" म्हणाले. आम्हांस मात्र लगेच उत्तर देववेना.

प्रश्न साधा वाटतो, पण ज्या ज्या समाजाने जुना धर्म टाकून नवा स्वीकारला, त्या प्रत्येकापुढे तो उभा राहिला आहे. याच सावित्री नदीच्या मुखाशी, बाणकोट येथे, 1823 मध्ये स्कॉटिश मिशनरी सोसायटीचे पहिले ठाणे पडले. पहिला मिशनरी डोनाल्ड मिचेल त्याच वर्षी मरण पावला. पुढे जेम्स मिचेल, स्टीव्हन्सन आदी मंडळींनी बाणकोट व हर्णै येथे शाळा चालविल्या. जॉन विल्सन 1829 मध्ये मराठी शिकला तो याच किनाऱ्यावर. याच स्टीव्हन्सनने पुढे कान्हेरी व नाशिक येथील लेण्यांतील लेखांवर लिहिले आणि विल्सनने 1850 मध्ये पश्चिम भारतातील लेण्यांविषयी विस्तृत निबंध प्रसिद्ध केला. आमच्या पूर्वजांचे विहार त्यांनी वाचावयास घेतले, हे ऋण नाकारण्याचे कारण नाही. पण दक्षिण कोकणातील खेड्यांत त्यांना अनुयायी फारसे मिळाले नाहीत, आणि थोड्याच वर्षांत मिशनचे बळ पुण्याकडे वळले. मुले शाळेत येत, पाठ म्हणत आणि संध्याकाळी आपल्या घरच्या देवांकडे परतत. शाळा होती, पण शाळेपाठीमागे नव्या जीवनाची वस्ती नव्हती.

अहमदनगरकडे चित्र वेगळे दिसते. अमेरिकन मराठी मिशनचे काम तेथे 1831 पासून सुरू झाले आणि पुढे खेडोपाडीच्या महार-मांग कुटुंबांनी मोठ्या संख्येने बाप्तिस्मा घेतला. तेथे प्रश्न तत्त्वज्ञानाचा राहिला नाही. येसकराची काठी कोणी धरावयाची, मेलेले ढोर कोणी ओढावयाचे, मरीआईच्या जत्रेतील मानाचे काय, आणि ही कामे सोडली तर बलुत्याची भाकर कोठून आणावयाची? मिशनऱ्याला जी केवळ मूर्तिपूजा दिसे, ती धर्मांतरिताच्या दृष्टीने पोटाची आणि गावातील जागेची बाब होती. दुसऱ्या बाजूला, ज्या रूढीवर मिशनऱ्याने सर्वांत आधी घाव घालावयास हवा होता, ती जात, चर्चच्या दारातून आत शिरली. ख्रिस्ती धर्मांतरितांच्या स्थितीविषयी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी केलेले विवेचन शासनाच्या ग्रंथमालेच्या पाचव्या खंडात 1989 मध्ये प्रसिद्ध झाले. धर्म बदलूनही जात सुटत नसेल, तर त्या धर्मांतराचा अर्थ काय, हा त्यांचा आक्षेप ज्या वाचकांनी पाहिला नसेल त्यांनी तो अवश्य पाहावा.

आफ्रिकेचा अनुभव येथे उपयोगी पडतो, आणि तो आपल्याला वाटतो तितका परका नाही. हर्णैला मराठी शिकलेल्या त्याच विल्सनच्या मुंबईतील शाळेत डेव्हिड लिव्हिंग्स्टनने 1860 नंतरच्या दशकात चुमा नावाचा आफ्रिकी मुलगा ठेवला होता. त्यापूर्वी, 1848 मध्ये, लिव्हिंग्स्टनने बाक्वेना लोकांचा राजा सेचेले यास बाप्तिस्मा दिला. सेचेलेच्या पाच बायका होत्या. नियमाप्रमाणे त्याने एक ठेवून इतरांना माहेरी धाडले. त्या स्त्रियांचा अपराध कोणता, हे नियम सांगत नव्हता. पुढच्याच वर्षी त्यांपैकी एकीस सेचेलेपासून दिवस गेले. लिव्हिंग्स्टनने त्यास प्रभुभोजनापासून दूर ठेवले आणि काही काळाने तो तेथून निघून गेला. सेचेले मात्र राहिला. पाऊस पाडण्याचे जुने विधी त्याने सोडले नाहीत, आणि बायबल शिकविणेही सोडले नाही. आसपासच्या लोकांत ख्रिस्ती धर्म पसरविण्याचे काम मिशनऱ्यापेक्षा त्यानेच अधिक केले. ज्यास गावात राहावयाचे असते, रूढीशी खरा हिशेब त्यासच करावा लागतो.

तथागतांनी हा हिशेब कसा केला? चुल्लवग्गात एक लहानसा प्रसंग आहे. भगवंतांना शिंक आली. भिक्खूंनी "दीर्घायु व्हा" असा गलका केला. असे म्हटल्याने कोणी जगतो किंवा मरतो काय, असे विचारून भगवंतांनी ती चाल बंद केली. पुढे भिक्खूंना शिंक आली की लोक तसेच म्हणत, भिक्खू मुकाट बसत आणि लोकांना वाईट वाटे. तेव्हा, गृहस्थांना मंगलाची आवड असते, हे ध्यानात घेऊन उलट शुभेच्छा देण्यास भगवंतांनी अनुमती दिली. उलटपक्षी यज्ञातील पशुहत्येच्या बाबतीत त्यांनी अशी सवलत कोठेही दिली नाही. सिगालोवाद सुत्तात सहा दिशांना वंदन करणाऱ्या तरुणाला ते नमस्कार सोडण्यास सांगत नाहीत. आई-वडील, आचार्य, पत्नी, मित्र, सेवक आणि श्रमण यांनाच दिशा ठरवितात. म्हणजे कसोटी दोन्हीकडे एकच आहे: चालीने कोणाचे अहित होते काय.

महाडला डिसेंबर 1927 मध्ये बाबासाहेबांनी स्त्रियांना जातीची खूण सांगणारे लुगडे नेसणे आणि दागिने सोडण्यास सांगितले, तेव्हा स्त्रियांनी नेसण आपल्या हाताने बदलली. 1956 च्या बावीस प्रतिज्ञांनी देव, अवतार, श्राद्ध-पिंडदान यांचा त्याग स्पष्ट शब्दांत सांगितला. तेथे तडजोडीस जागा नाही, आणि आम्ही ती मागतही नाही. पण 1950 च्या आपल्या लेखात भिक्खूने समाजसेवक व्हावे असे बाबासाहेबांनी सुचविले होते, याचा विसर आम्हांस फार लवकर पडला. वाडीत दुखवट्याच्या रात्री कोणीच नसेल, तर जुना भगत तेथे असतोच.

त्या उपासिकेला आम्ही शिंकेची गोष्ट सांगितली. ती हसली. म्हणाली, "मग लेकी येतील, पोळ्या होतील. पालखीपुढे मात्र जायचं नाही, ते आम्हांला कळतं." तरुणांचे समाधान झाले नव्हते. पोलादपूरची शेवटची एस्.टी. येईपर्यंत ते आमच्याशी रस्त्याच्या कडेला वाद घालीत उभे होते. त्यांतील एकाने, होळीचा नारळ पोळीत किसून पडला तर तो प्रसाद की खोबरे, असे विचारले.