परळ ते खारघर: टी-पेशींना शत्रू दाखवण्याची गोष्ट

आजची गोष्ट आपल्या रायगडातली आहे, आणि थोडी माझ्या घरातलीही.

मी रेवदंड्याचा. शाळेत असताना माझ्या मावसभावाला रक्ताचा कॅन्सर झाला. मावशी त्याला घेऊन पहाटे रेवसला जायची, लाँचने भाऊच्या धक्क्यावर उतरायची आणि तिथून टॅक्सीने परळ. केमो झाली, बरं वाटलं, मग आजार उलटला. तो गेला. पुढे मी बीटेक करून सॉफ्टवेअरमध्ये आलो, पण एक प्रश्न डोक्यातून गेलाच नाही: शरीरात एवढी मोठी फौज असते, मग तिला शत्रू दिसत का नाही?

कारण शत्रू घरातलाच असतो. कॅन्सरची पेशी म्हणजे आपलीच, बिघडलेली पेशी. त्यामुळे टी-पेशी, म्हणजे रक्तातल्या शिकारी पांढऱ्या पेशी, तिला बऱ्याचदा ओळखत नाहीत.

ही फौज वापरायचा प्रयत्न आपल्याकडे जुना आहे. 1983 मध्ये परळच्या टाटा मेमोरियलमध्ये डॉ. सुरेश अडवाणींनी नऊ वर्षांच्या मुलीवर भारतातलं पहिलं यशस्वी बोनमॅरो प्रत्यारोपण केलं. दाता होता तिचा भाऊ. प्रत्यारोपणात दात्याच्या पेशी उरलेल्या कॅन्सरवरही तुटून पडतात. पण जुळणारा दाता प्रत्येकाला कुठे मिळतो?

मग रुग्णाच्याच टी-पेशी शिकवल्या तर? 1989 मध्ये इस्रायलच्या वाइझमन संस्थेत झेलिग एश्हार यांच्या गटाने अँटिबॉडीचा ओळखणारा भाग टी-पेशीच्या मारणाऱ्या यंत्रणेला जोडून दाखवला. यातूनच पुढे 'कार-टी' आली. रुग्णाचं रक्त मशीनमधून फिरवून टी-पेशी वेगळ्या काढतात. निरुपद्रवी केलेल्या विषाणूच्या पाठीवरून त्यांच्यात नवं जनुक घालतात, पेशी वाढवतात आणि सलाईनसारख्या परत सोडतात. आता त्या 'सीडी19' ही खूण दिसेल तिथे हल्ला करतात. माझ्या भाषेत सांगायचं तर सर्च फंक्शनच बदललं. पण ही खूण निरोगी बी-पेशींवरही असते. त्याही मरतात आणि संसर्गाचा धोका वाढतो.

2012 मध्ये अमेरिकेत एमिली व्हाइटहेड या मुलीला हे उपचार मिळाले, तेव्हा ती व्हेंटिलेटरवर गेली. पेशी इतक्या पेटल्या की शरीरच होरपळलं. शास्त्रज्ञ कार्ल जून यांच्या मुलीला संधिवात होता, म्हणून त्यावरचं एक औषध त्यांना माहीत होतं. ते दिलं आणि एमिली वाचली. 2017 मध्ये अमेरिकेत परवानगी मिळाली. किंमत? 4,75,000 डॉलर. म्हणजे आपल्यासाठी नाहीच.

इथे पवईच्या आयआयटीत प्रा. राहुल पुरवार यांचा गट तीच कल्पना इथल्या लॅबमध्ये घडवत होता. सोबतीला टाटाचे डॉक्टर. 4 जून 2021 ला भारतातल्या पहिल्या रुग्णाला ही थेरपी मिळाली, तीही खारघरच्या ॲक्ट्रेकमध्ये. खारघर पनवेल तालुक्यात येतं, म्हणजे आपल्याच जिल्ह्यात! ऑक्टोबर 2023 मध्ये 'नेक्सकार19' ला केंद्राची परवानगी मिळाली आणि एप्रिल 2024 मध्ये राष्ट्रपती द्रौपदी मुर्मूंनी आयआयटीत तिचं लोकार्पण केलं. 2025 मध्ये 'लॅन्सेट हेमॅटोलॉजी'त चाचण्यांचे निकाल आले. 64 रुग्णांना थेरपी दिली होती, आणि ज्यांचा परिणाम मोजता आला त्यांच्यापैकी 73 टक्के रुग्णांनी प्रतिसाद दिला. सगळे आजार उलटलेले किंवा आधीच्या उपचारांना दाद न दिलेले.

पण प्रतिसाद म्हणजे कायमचं बरं होणं नव्हे, काहींचा आजार परततो. शिवाय ही थेरपी ठरावीक रक्ताच्या कॅन्सरवरच चालते, गाठींच्या कॅन्सरवर अजून वाट सापडायची आहे. आणि किंमत अमेरिकेच्या दहाव्या हिश्श्याच्या आसपास असली तरी तीस-चाळीस लाखांच्या घरात जाते.

मागच्या गणपतीत हे सगळं मी मावशीला सांगितलं. ती शांतपणे ऐकत होती. मग म्हणाली, "खारघर म्हणजे लाँच नको, एसटीनेच गेलो असतो की." थोडं थांबून तिने विचारलं, "पण वाडी विकून तरी पुरले असते का रे पैसे?"

शोधाचं अर्धं काम झालंय, मंडळी. उरलेलं अर्धं या प्रश्नात आहे. भेटू पुढच्या भागात.