भुसा, राख आणि पाणी

लिओ बेकलँड यांनी 1907 साली फिनॉल आणि फॉर्माल्डिहाइडपासून बेकेलाइट बनवले, पण नुसते रेझिन फार ठिसूळ निघाले. लाकूडगिरण्यांतल्या भुशाचे बारीक पीठ त्यात मिसळल्यावर ते सहज तडकेनासे झाले आणि स्वस्तही पडू लागले. टेलिफोनचे रिसीव्हर, विजेची बटणे, रेडिओच्या पेट्या यांच्या पोटात हेच पीठ असे. धक्के सोसणाऱ्या भागांत तर कापडाच्या चिंध्या कातरून घालत. टाकाऊ मालाला फिलर, म्हणजे भरणद्रव्य, म्हणून मान मिळाला तो इथे.

पाण्याची अडचणही इथेच उघड झाली. लाकडातला सेल्युलोज ओल धरतो. रोजच्या हाताळणीने बेकेलाइटची वरची चकाकी झिजली की पीठ उघडे पडते, पृष्ठभाग निस्तेज होतो आणि विद्युतरोध घटतो. म्हणून विजेच्या नाजूक भागांसाठी भुशाऐवजी अभ्रक वापरत.

दुसऱ्या महायुद्धात फायबरग्लास आणि पॉलिएस्टरची जोडी जमली. अमेरिकेत रे ग्रीन यांनी 1942 साली या मिश्रणाची होडी बांधली. काच स्वतः पाणी शोषत नाही, तरीही भिजलेल्या फायबरग्लासची ताकद घटे, कारण पाणी काच आणि रेझिन यांच्या सांध्यातून सरकत जाई. यावर सिलेन नावाचे रसायन कामी आले: त्याच्या रेणूचे एक टोक काचेला जखडते, दुसरे रेझिनला. रेझिनमध्ये भर घालण्याच्या या व्यवसायाचा हा मोलाचा धडा. पाण्यात टिकाव लागतो तो सांध्यावर.

औष्णिक वीजकेंद्रांची राख आणि भाताच्या तुसाची राख पुढे फिलर म्हणून याच वाटेला आल्या. दोन्हींत सिलिका असल्याने सिलेन त्यांनाही धरते. राखेच्या तळ्यावर तरंगणारे पोकळ गोळे तर वजन कमी करण्यासाठी मुद्दाम गोळा केले जातात. पण मिसळताना त्यांचे कवच फुटले की आतल्या पोकळीत पाणी साठू शकते. राख बेताची असली तर पाण्याला आत जाण्यासाठी वळसा पडतो. जास्त झाली की तिच्या गुठळ्या होतात आणि फटींतून पाण्याला सरळ वाट मिळते. भारतात राखेच्या वापराबाबतच्या 1999च्या सरकारी अधिसूचनेने तिचा वापर वाढला, मात्र ती मुख्यतः विटा आणि सिमेंटकडे गेली.

अशा मिश्रणांचा पाण्यातला टिकाव तपासायला प्रयोगशाळेत नमुने काही आठवडे, बहुधा गरम पाण्यात, बुडवून ठेवतात. होडी मात्र दशकानुदशके पाण्यात असते, आणि उष्णतेने रेझिनची झीज वेगळ्या प्रकारे होऊ शकते, त्यामुळे अशा चाचणीवरून होडीचे आयुष्य थेट काढता येत नाही.