तुटलेला धागा, थांबलेला माग

सुधारणा म्हटली की वरिष्ठांचा हुकूम, नवी यंत्रे आणि नोकरकपात अशी तीन चित्रे आपणा चाकरमान्यांच्या डोळ्यांपुढे उभी राहतात. जपानने या शब्दाला निराळा अर्थ दिला असे म्हणतात. तो कोणत्या परिस्थितीतून निघाला, हे पाहणे उद्बोधक ठरेल.

जपानी शब्द आहे ‘काइझेन’. ‘काइ’ म्हणजे बदल, ‘झेन’ म्हणजे चांगले. बौद्धांच्या ध्यानमार्गाचा ‘झेन’ वेगळा. तो आपल्या ‘ध्यान’ शब्दापासून आलेला. मुळापासून उलथापालथ करणाऱ्या बदलास जपानी माणूस ‘काइकाकु’ म्हणतो. काइझेन हा त्याचा धाकटा, पण चिवट भाऊ होय.

या विचाराचे एक मूळ कापडाच्या मागात सापडते. साकिची तोयोदा या सुताराच्या मुलाने 1924 साली स्वयंचलित माग सिद्ध केला. ताण्याचा एक धागा तुटला, तरी तो आपोआप थांबे. सदोष कापड विणीत राहण्यापेक्षा माग थांबलेला बरा, हे त्यामागील तत्त्व. 1929 साली इंग्लंडच्या प्लॅट ब्रदर्सने त्याचे हक्क विकत घेतले. साकिचीचा पुत्र कीइचिरो मोटारींकडे वळला आणि 1937 साली टोयोटा मोटार कंपनी उभी राहिली.

1950 साली ही कंपनी बुडण्याच्या बेतात होती. दीड हजारांहून अधिक कामगारांच्या कपातीची योजना निघाली, संप झाला, आणि अखेरीस कीइचिरोने स्वतःच अध्यक्षपद सोडले. त्याच जून महिन्यात कोरियाचे युद्ध भडकले. अमेरिकन सैन्याच्या मालमोटारींच्या मागणीने कंपनी तरली. त्याचा चुलतभाऊ एइजी त्या वर्षी अमेरिकेतील फोर्डचा कारखाना पाहून आला. तेथील सूचनापद्धतीच्या धर्तीवर 1951 साली टोयोटात कामगारांच्या सूचना मागविण्यास प्रारंभ झाला. पुढे ताइइची ओनोने दोष दिसताच कामगाराने सारी उत्पादनरांग थांबवावी, अशी प्रथा रुजविली. मागाचा गुण माणसाच्या हाती आला.

1950 सालीच डेमिंगने जपानात संख्याशास्त्रीय गुणनियंत्रणावर व्याख्याने दिली. परंतु त्या शास्त्राचा जनक शूहार्ट 1947-48 मध्ये महालनोबिसांच्या निमंत्रणावरून आपल्याकडे येऊन गेला होता. विद्या आपल्या दारीही आली होती. केवळ विद्येने भागत नाही, एवढेच यावरून दिसते.

या कथेला काळी बाजूही आहे. कामाच्या वेळेनंतर चालणाऱ्या सुधारणामंडळांचा भार कामगारांवर पडत गेला. टोयोटाच्या एका तरुण कर्मचाऱ्याच्या मृत्यूच्या खटल्यात नागोयाच्या जिल्हा न्यायालयाने 2007 साली निर्णय दिला की, असे मंडळ हेही कामच होय. स्वेच्छेच्या नावाखाली घेतलेले श्रम फुकटचे नसतात, हे सांगावयास न्यायालय लागले.

मी पूर्वी ज्या कचेरीत होतो तेथे एक सूचनापेटी होती. एकदा मी तीत चिठ्ठी टाकली: एकाच पत्राची नोंद तीन वह्यांत होते, एकीत पुरे. पुढे कळले की पेटीची किल्लीच सापडत नाही. मला राग आला नाही. तिन्ही वह्या मी तशाच भरीत राहिलो. आज वाटते, दोष निव्वळ किल्लीचा नव्हता. धागा तुटलेला मला दिसत होता, आणि तरीही माझा माग चालूच होता.